क्लबनं पैसे बुडवले तर अर्ज कोणाविरुद्ध आणि कुठं करायचा (नागपूरकर फुटबॉलवाल्यांसाठी)

राजेहो, सीझन संपला की कामठी काय नि रेशीमबाग काय, पोरांचं रडगाणं एकच, शेठ फोन उचलत नाही. पण बॅनरवर ज्याचा फोटो तो कागदावर मालक असेलच असं नाही, आणि अर्ज तर कागदावरच्या माणसाविरुद्धच करावा लागतो, म्हणून आधी कागद काढा.

लोकल क्लब बऱ्याचदा संस्था म्हणून रजिस्टर असतो. संस्थेला मालक नसतोच, कार्यकारिणी असते. लेटरहेडवर एफ-नं सुरू होणारा नंबर शोधा आणि तो घेऊन नागपूरच्या सहधर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात (संस्थांची नोंद तिथंच असते) शेड्यूल वनची, म्हणजे संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्याची, नक्कल मागा, त्यात विश्वस्तांची, म्हणजे कार्यकारिणीतल्या लोकांची, नावं असतात. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत तिथं चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, द्यायचा असतो, पण कित्येक संस्थांत अध्यक्ष वारले तरी कागदावर तेच चालू, मग आत्ताच्या सह्या कोण कोणत्या अधिकारात मारतंय हे विचारायला जागा मिळते. शेड्यूल आठ आणि नऊ, म्हणजे ताळेबंद नि जमाखर्च, तेही घ्या. स्पॉन्सरचे पैसे बॅनरवर दिसतात आणि जमेत दिसत नाहीत, हे इथंच सापडतं. टाळाटाळ झाली तर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकार टाका.

गडबड दिसली तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 बी खाली चौकशी मागता येते, 41 डी खाली विश्वस्ताला निलंबित करा किंवा काढा असा अर्ज करता येतो. पण संस्था सोसायटी म्हणून रजिस्टर असेल तर अर्जदार त्या संस्थेचा मेंबर पाहिजे, नुसता फॅन चालत नाही, त्यामुळं वर्गणीची पावती जपून ठेवा (आणि पावती देतच नसतील तर तिथंच काय ते समजा).

क्लब कंपनी असेल तर एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या, पोर्टलवर नाव टाका, डायरेक्टर दिसतात, 100 रुपये भरले की बॅलन्स शीट उघडते. प्रायव्हेट कंपनीला थेट माहिती अधिकार लागत नाही, उगाच अर्ज वाया घालवू नका.

प्रोफेशनल प्लेअरचं मात्र वेगळं आहे. फिफाच्या नियमात दोन महिन्यांचा पगार थकला की क्लबला लेखी कळवून किमान 15 दिवस द्यायचे, तरी नाही दिला तर करार तोडायला ते रास्त कारण धरतात. भारतीय प्लेअर नि भारतीय क्लब असेल तर तक्रार एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) प्लेअर्स स्टेटस कमिटीकडे, परदेशी प्लेअर असेल तर फिफाकडे आणि तिथं 2 वर्षांच्या आत. सही झालेला करार, बँक स्टेटमेंट, सीआरएस रजिस्ट्रेशन (एआयएफएफच्या ऑनलाइन सिस्टीममधली प्लेअरची नोंद) आणि नोटिशीची कॉपी लागते. तोंडी ठरलेल्या रोख पैशाला इथं कोणी विचारत नाही, आपल्याकडचे अर्धे व्यवहार तसेच होतात ही खरी पंचाईत.

नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होऊ नका. स्पीड पोस्टनं पाठवा आणि क्लब कंपनी असेल तर एमसीएवर जो रजिस्टर्ड पत्ता दिसतो त्यावरच पाठवा, ग्राउंडवरच्या खोलीला लावलेल्या बोर्डाच्या पत्त्यावर नाही.