हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप

हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप, थोडक्यात एचएफसीएस, हा मक्याच्या स्टार्चपासून फॅक्टरीत बनवलेला गोड पाक. एन्झाइम टाकून स्टार्चचं आधी ग्लुकोज करतात, मग दुसऱ्या एन्झाइमने त्यातल्या काही ग्लुकोजचं फ्रुक्टोज, कारण ते जास्त गोड लागतं. ४२ आणि ५५ हे नेहमीचे प्रकार, आकडा म्हणजे फ्रुक्टोजचा टक्का. अमेरिकेत १९८० च्या दशकात कोल्ड्रिंकवाल्यांनी साखर सोडून हेच धरलं. आपल्याकडे ऊस भरपूर, त्यामुळे मुंबईत टपरीवरच्या बाटलीवर बहुतेक वेळा साखरच लिहिलेली असते. इम्पोर्टेड सॉस आणि सिरप घेताना मात्र बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचा.

हा पाक पाळीव मधमाश्यांनाही खायला देतात, आणि त्यांना एचएफसीएसचा त्रास होतो तो मुख्यतः उष्णतेमुळे. फुलोरा नसतो तेव्हा पेट्यांना पाक द्यावाच लागतो, आपल्याकडे पावसाळ्यात सातेरीला, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी माशीला, साखरपाणी देतात, अमेरिकेत बरेच जण एचएफसीएस देतात. पण फ्रुक्टोजचा पाक तापला, त्यात तो आंबट असला, की हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल म्हणजे एचएमएफ तयार होतं आणि त्याने माश्यांच्या आतड्याला जखमा होतात, हगवण लागते, माश्या मरतात. २००९ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी दाखवलं की ४९ अंशांच्या आसपास हे झपाट्याने वाढतं, म्हणजे मे महिन्यात उन्हात ठेवलेला ड्रम पेटीत ओतायच्या लायकीचा राहीलच असं नाही. साखरेच्या पाकात लिंबू पिळून उकळायची सवय पण याच कारणाने वाईट. दुसरी गोष्ट परागकणांची. त्यातलं पॅरा-कौमॅरिक ॲसिड मधातही उतरतं आणि माशीच्या अंगातली विष पचवणारी जनुकं चालू करतं, हे २०१३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने मांडलं. सिरपमध्ये ते नसतं. म्हणजे पोट भरतं, पण कीटकनाशकाशी झुंजायची ताकद कमी पडू शकते.

माणसाचं काय? फ्रुक्टोज बहुतांशी लिव्हरमध्ये जातं, जास्त झालं की त्याची चरबी होते, ट्रायग्लिसराइड आणि युरिक ॲसिड वाढतं, फॅटी लिव्हर होऊ शकतं. पण नुसत्या मक्याच्या नावाने बोंब मारण्यात अर्थ नाही, साध्या साखरेतही निम्मं फ्रुक्टोजच असतं, ५० आणि ५५ मध्ये फरक तो किती! ३०० मिली कोल्ड्रिंकमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास साखर जाते आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, जमलं तर २५, असं सांगते. त्यात दिवसभराचे कटिंग चहा धरा.

मधातल्या भेसळीतही सिरप येतं. मका आणि ऊस कार्बनच्या चाचणीत पकडले जातात म्हणून भेसळवाले तांदळाच्या सिरपकडे वळले. २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने तपासलेल्या १३ ब्रँडपैकी फक्त ३ सगळ्या चाचण्यांत पास झाले. आणि दादरला घेतलेला मध घरी येऊन रवाळ झाला की लगेच दुकानदाराला भेसळीवरून शिव्या घालू नका, शुद्ध मधही रवाळ होतो. पाण्याच्या ग्लासातली चाचणी तर काहीच सांगत नाही, खात्री हवी असेल तर लॅबच गाठावी लागते.