रात्रीची करकर आणि हार्ड डिस्कचा वेग

परळच्या आमच्या घरात कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आहे आणि रात्री आईची गादीही तिथेच पडते. दिवसा त्या कॉम्प्युटरचा आवाज कुणाच्या ध्यानातही येत नाही. खाली रस्ता, वर पंखा, शेजारी टीव्ही. पण जानेवारीत पंखा एक नंबरवर आला आणि शेवटची लोकल निघून गेली, की तोच आवाज खोलीभर पसरतो. मुलगी कॉलेजचं प्रोजेक्ट उघडायला जाते, खोकं करकरायला लागतं आणि अंधारातून आई विचारते, "अगं, उंदीर शिरलाय का त्यात?"

तिथे उंदीर नव्हता, दहा वर्षांची हार्ड डिस्क होती. ती बदलायचं ठरलं तेव्हा घरात दोन मागण्या होत्या. मुलीला वेग हवा होता, आईला शांतता. दुकानात जाण्याआधी मी दोन-तीन रात्री त्या आवाजाकडेच कान देऊन बसले. मुलगी कंटाळून स्क्रीनकडे बघत राहायची तेव्हाच ती करकर सर्वांत जोरात असायची. डिस्क करकरत होती म्हणजे ती धावपळ करत होती, आणि तिची धावपळ म्हणजे आपलं ताटकळणं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघालं.

नीट ऐकलं तर डिस्कचे आवाज दोन असतात. एक अखंड घुमणारा, दुसरा मधूनमधून करकरणारा.

घुमण्याचं कारण सरळ आहे. आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या एका मोटरवर फिरत असतात. घरच्या कॉम्प्युटरमधली डिस्क बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तबकड्यांचा तोल अगदी केसाएवढा जरी ढळलेला असला, तरी त्या सेकंदाला १२० वेळा सगळ्या डिस्कला हलका धक्का देतात आणि १२० हर्ट्झचा सूर तयार होतो. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर पेटीच्या खालच्या सप्तकात काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची डिस्क ९० हर्ट्झवर घुमते. ती पांढरी चारच्या जरा वर येते. सूर जितका खाली, तितका आपल्या कानाला तो कमी ऐकू येतो, म्हणून ५,४००ची डिस्क एरवीही मवाळ वाटते.

पण एवढा आवाज डिस्कचा स्वतःचा नसतो. तंबोऱ्याची नुसती तार छेडली तर हातभर अंतरावरही ऐकू येणार नाही. तिला खोली भरून टाकण्याचं बळ भोपळा देतो. डिस्क ही तार आहे आणि कॅबिनेटचा पत्रा हा भोपळा. चार स्क्रूंनी घट्ट आवळलेल्या डिस्कचं कंपन पत्र्यात उतरतं, पत्रा टेबलात उतरवतो आणि सगळं मिळून घुमतं. कॅबिनेटमध्ये दोन डिस्क असतील तर आणखी एक गंमत ऐकू येते. दोघींचे फेरे अगदी सारखे नसतात. एकीचा सूर दुसरीपेक्षा किंचित चढा असला की आवाज लाटेसारखा वर-खाली होत राहतो. जोडीच्या तारा मिळायच्या राहिल्या असतील तर तंबोरा असाच हेलकावतो.

हे पडताळून पाहणं सोपं आहे. एका रविवारी दुपारी मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. गॅरेजवाले इंजिनाचा आवाज असाच ऐकतात. पंख्याजवळ नुसता वाऱ्याचा सळसळाट होता. डिस्कच्या खणाजवळ मात्र घूंऽऽ असा भरीव सूर हाडातून थेट डोक्यात घुमला. मग कॉम्प्युटर बंद केला, डिस्कचे चारही स्क्रू काढले, केबल तशाच ठेवून डिस्क कॅबिनेटबाहेर एका कोऱ्या, कोरड्या स्पंजवर आडवी ठेवली आणि पुन्हा सुरू केला. घुमणं जवळजवळ नाहीसं झालं! तीच डिस्क, तेच फेरे. फक्त तिच्याखालचा भोपळा काढून घेतला होता. (हा प्रयोग पाच-दहा मिनिटांचाच. स्पंजवर डिस्क तापते, आणि चालू डिस्क हलवायची तर कधीच नाही.) कायमचा उपाय म्हणजे स्क्रू आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी वॉशर. अगदी क्षुल्लक वस्तू, पण करून पाहावीच.

स्पंजवर ठेवूनही जी उरली, ती करकर. तिची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

तबकडीवर माहिती वर्तुळाकार ट्रॅकमध्ये लिहिलेली असते आणि एका दांडीच्या टोकावरचं हेड ती वाचतं. फिरत्या तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावत असते आणि हेड तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. ही दांडी एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर न्यायची म्हणजे तिला झटक्यात पळवायचं आणि तितक्याच झटक्यात, अचूक जागी थांबवायचं. हे काम एका जोरदार चुंबकात बसवलेली तारेची कॉइल करते. तिला व्हॉइस कॉइल म्हणतात, कारण लाउडस्पीकरचा पडदा हलवणारी कॉइल तीच. म्हणजे प्रत्येक डिस्कच्या पोटात स्पीकरची मोटर आहे. दांडी पुढे झेपावली की तिचा उलटा धक्का डिस्कच्या अंगाला बसतो, थांबली की पुन्हा बसतो. असे धक्के सेकंदाला पन्नास-शंभर बसले की ती करकर ऐकू येते.

आता वेळेचा हिशेब मांडू. मुंबईकराला तो लगेच कळेल. जिना चढून योग्य प्लॅटफॉर्मवर जायचं, तिथे गाडीची वाट पाहायची आणि मग प्रवास करायचा. हेडचंही तसंच. योग्य ट्रॅकवर पोचायला सरासरी आठ-नऊ मिलीसेकंद लागतात. मग हवी ती जागा फिरत हेडखाली येईपर्यंत थांबायचं. ७,२००च्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलीसेकंद लागतात, म्हणून सरासरी अर्धा फेरा, ४.२ मिलीसेकंद. प्रत्यक्ष वाचायला लागणारा वेळ यापुढे नगण्य आहे. एकूण झाले तेरा मिलीसेकंद. म्हणजे सेकंदाला फाइलींचे पंचाहत्तर-ऐंशी तुकडे. विखुरलेल्या तुकड्यांसाठी यापलीकडे ती डिस्क फारशी जाऊ शकत नाही, तिचा इलाज नाही.

तेरा मिलीसेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण कॉम्प्युटर सुरू होताना किंवा मोठं सॉफ्टवेअर उघडताना हजारो लहान लहान तुकडे विखुरलेल्या जागांवरून गोळा करावे लागतात. दहा हजार तुकडे धरले तर १३० सेकंद. सव्वादोन मिनिटं नुसते जिने चढ-उतरण्यात आणि गाडीची वाट पाहण्यात!

डिस्क ज्यात विकत मिळते त्या खोक्यावर मात्र लिहिलेलं असतं सेकंदाला २०० एमबी वगैरे. आकडा खरा आहे, पण तो एकदा गाडीत बसल्यावर शेवटच्या स्टेशनापर्यंत न उतरणाऱ्याचा आहे. एखादी मोठी व्हिडिओ फाइल सलग वाचताना तो मिळतो, तोही तबकडीच्या बाहेरच्या कडेला. आतल्या ट्रॅकवर वेग जवळपास निम्म्यावर येतो, कारण तिथे एका फेऱ्यात कमी माहिती मावते. घरच्या वापरात आपल्याला टोचतो तो जिन्याचा वेळ, आणि तो खोक्यावर क्वचितच छापतात.

जुन्या काही डिस्कमध्ये आवाज कमी करायची एक सोय होती. सॉफ्टवेअरमधून सांगितलं की दांडी झेप न घेता सावकाश सरकायची. करकर कमी व्हायची आणि कॉम्प्युटर आणखी मंद व्हायचा. फिरत्या डिस्कमध्ये शांतता विकत घ्यायची तर वेगाच्या मोलानेच, हे त्यावरून स्वच्छ दिसतं. बेअरिंगच्या बाबतीत तसं झालं नाही. पूर्वी तबकड्या बारीक छऱ्यांच्या बेअरिंगवर फिरत आणि किणकिणत. २०००च्या सुमारास त्या जागी तेलाच्या पातळ थरावर तरंगणारी बेअरिंग आली आणि वेग न गमावता आवाज घटला. पण दांडीच्या झेपेला असा काही उपाय नव्हता. १९५६ साली आयबीएमने पन्नास तबकड्यांची पहिली हार्ड डिस्क आणली. तेव्हापासून आजपर्यंत हेड जागेवर नेणं आणि तबकडी फिरून येण्याची वाट पाहणं हे मूळ काम तसंच आहे.

फिरत्या डिस्कच्या जागी आता जी एसएसडी बसवतात, तिच्यात ते कामच उरत नाही. १९८०च्या दशकात तोशिबामध्ये फुजिओ मासुओका यांनी शोधलेल्या फ्लॅश मेमरीवर ती चालते. तिच्यात माहिती म्हणजे अब्जावधी सूक्ष्म कप्प्यांत कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन. वाचायचं म्हणजे त्या कप्प्यात किती विद्युतभार आहे ते तपासायचं. कुठे जायचं नाही, कशाची वाट पाहायची नाही. तेरा मिलीसेकंदांच्या जागी साधारण एक दशांश मिलीसेकंद. ते दहा हजार तुकडे एका सेकंदात. आणि हलणारं काहीच नाही म्हणून आवाजही नाही. मुलीची मागणी आणि आईची मागणी एकाच वस्तूने पूर्ण झाली, कारण दोघींना त्रास देणारी ती दांडीच गेली.

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलात की दुकानदार लगेच विचारेल, साटा की एनव्हीएमई? (एसएसडी कॉम्प्युटरला जोडायच्या या दोन पद्धती.) साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई तीन हजार, सात हजार अशी कितीही. पण फिरत्या डिस्कवरून साटा एसएसडीवर आल्यावर जो फरक जाणवतो, त्याच्या पासंगालाही साटावरून एनव्हीएमईचा फरक रोजच्या कामात पुरत नाही. जिना आणि वाट पाहणं दोन्हींतही नाहीच. जुन्या कॉम्प्युटरला साटा बिनधास्त घ्या. मदरबोर्डवर लांबट पट्टीची एम-टू जागा असेल तर ती कोणत्या प्रकारची पट्टी स्वीकारते ते मॅन्युअलमध्ये पाहून मगच पैसे द्या, कारण साटा आणि एनव्हीएमई पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच असतात.

टीएलसी आणि क्यूएलसी हे शब्दही कानावर पडतील. टीएलसीच्या एका कप्प्यात तीन बिट असतात, म्हणजे विद्युतभाराच्या आठ पायऱ्या ओळखायच्या. क्यूएलसीत चार बिट, सोळा पायऱ्या. पायऱ्या जितक्या जवळ, तितकं लिहिणं नाजूक आणि सावकाश. लग्नाचा दोनशे जीबीचा व्हिडिओ एकदम टाकलात तर क्यूएलसीचा लिहिण्याचा वेग अर्ध्या वाटेत कोसळू शकतो, कधी कधी फिरत्या डिस्कच्याही खाली. माझं मत विचाराल तर विंडोज ज्यावर राहणार ती एसएसडी टीएलसीच असावी.

मग फिरती डिस्क टाकून द्यायची का? मुळीच नाही. फोटो, गाण्यांची रेकॉर्डिंग, जुने व्हिडिओ ठेवायला ती अजूनही स्वस्त आणि भरवशाची आहे. वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवलेल्या एसएसडीच्या कप्प्यांतून विद्युतभार हळूहळू झिरपतो, चुंबकीय तबकडीला ती भीती नाही. साठवणीसाठी ५,४००ची डिस्क घ्या. ७,२००पेक्षा तिच्या अर्ध्या फेऱ्याला जेमतेम दीड मिलीसेकंद जास्त लागतो, आणि फोटो बघताना तो कुणाला कळणार आहे?

एक गोष्ट मात्र नक्की विचारा: डिस्क सीएमआर, म्हणजे ट्रॅक शेजारी-शेजारी लिहिणारी आहे, की एसएमआर? कोकणातलं कौलारू छप्पर आठवा. प्रत्येक कौल पुढच्याच्या कडेवर चढलेलं असतं. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक असेच एकमेकांवर चढवून लिहितात, म्हणून तेवढ्याच तबकडीत जास्त माहिती मावते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावरची ओळच्या ओळ उचलावी लागते. डिस्कलाही एक ट्रॅक बदलायला शेजारचे ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात. एकदाच भरून ठेवायच्या साठ्याला हे चालतं. ज्यावर रोज लिहायचं-पुसायचं असेल, तिथे सीएमआरच घ्या.

डिस्क घरी आणली की आधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरने ती किती तास चाललेली आहे ते बघा. नव्या डिस्कवर तो आकडा शून्याच्या आसपास हवा. सीसीटीव्हीतून काढलेली डिस्क हजारो तास चाललेली असते आणि पुसून ठेवली की नवीच दिसते.

आमच्याकडे आता विंडोज साटा एसएसडीवर आहे. दहा वर्षांच्या डिस्कवरचे बाबांचे सगळे फोटो नव्या ५,४००च्या डिस्कवर उतरवले. ती कॅबिनेटमध्ये रबरी वॉशरवर बसवली आहे आणि काम नसलं की आपोआप थांबते. जुन्या डिस्कचा सूर शेवटच्या आठवड्यात बदलला होता. करकर अनियमित असते, पण ठरावीक अंतराने घड्याळासारखी टक्, टक् यायला लागली की हेडला वाट सापडेनाशी झाली असं समजायचं आणि हातातलं सगळं सोडून आधी कॉपी काढायची. एसएसडी अशी टकटक करत नाही, जाते तेव्हा न बोलता जाते. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एसएसडीवरचं सगळं त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवते. ती जागी होते, दबक्या आवाजात घुमते, आणि आई कूस बदलून म्हणते, "आज पहिला रविवार वाटतं."