वळचण नसलेलं घर

आढ्याचं पाणी वळचणीला जायचंच, असं आपण सहज म्हणून जातो. स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या लुईस बेटावर, आर्नोल गावात, ही म्हण अडते. तिथल्या ४२ नंबरच्या जुन्या शेतकरी घराला वळचणच नाही. गवताने शाकारलेलं छप्पर भिंतीच्या आतल्या कडेवरच संपतं आणि पावसाचं पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर पडतं. कोकणातला गवंडी हे बघून कपाळाला हात लावेल.

पण ही भिंत एकेरी नाही. चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या दोन भिंती आणि मधे ठासलेली माती, अशी ही दीड-दोन मीटर जाडीची रचना. माथ्यावर पडलेलं पाणी मधल्या मातीत मुरतं, आणि दगड बाहेरच्या बाजूला उतरते बसवलेले असल्याने बाहेर झिरपतं. ओलसर माती फटी बुजवते, त्यामुळे वारा आत शिरत नाही. पाऊसच इथे लिंपणाचं काम करतो म्हणा ना!

वळचण टाळण्याचं कारणही वाराच. अटलांटिकवरून येणारं वादळ छपरावरून वेगाने जाताना वरचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढलं जातं. त्यात वळचण पुढे आलेली असली, की तिला खालूनही रेटा बसतो. म्हणून कडा भिंतीआड लपवलेली, कोपरे गोल, आणि छपरावरून टाकलेल्या दोरांच्या टोकांना दगड लटकवलेले. बेटावर झाडं जवळपास नाहीतच. वाशांसाठी समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेलं लाकूडही चालायचं.

आत धुराडं नाही. जमिनीच्या मधोमध पीट जळतं. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे वाळवलेले तुकडे. ते धुमसत, सावकाश जळतं. धुराडं असतं तर त्यातून घरातली ऊबही वर गेली असती. इथे धूर छपराखाली साठतो आणि गवतातून हळूहळू बाहेर पडतो. माणसं त्याखाली बुटक्या बैठकांवर बसत. डोळे चुरचुरत असणारच, त्याचं कौतुक नको. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, विस्तव विझू द्यायचा नाही. त्याच छताखाली, उताराच्या टोकाला गोठा. एकेक गाय शेकडो वॅट उष्णता देते, तीही घराच्याच कामी येई.

काजळी धरलेलं जुनं गवत उतरवलं, की ते शेतात खत म्हणून जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या घरात १९६६ पर्यंत माणसं राहत होती. आता ते संग्रहालय आहे. राहणारं कुणी नसलं, तरी आत पीट पेटवावं लागतं. ती धग आणि धूर नसेल तर छप्पर ओलं राहून कुजायला लागतं.