रीफ टँकमधलं शेवाळ : बाटली उघडण्याआधी हे वाचा

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, खडकावर हिरवं-तपकिरी काही दिसलं की पहिला हात शेवाळनाशकाच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. आपण सरसकट ज्याला 'शेवाळ' म्हणतो त्यात निदान पाच-सहा वेगवेगळे जीव असतात, त्यातला एक तर जिवाणूच आहे. एकावरचा उपाय दुसऱ्याला पोसतो. तांबं असलेलं शेवाळनाशक रीफ टँकमध्ये कधीच टाकायचं नाही. शेवाळाआधी गोगलगाई, कोळंब्या आणि कोरल मरतात.

आधी ओळख पटवा

नव्या टँकमध्ये वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटीचा थर बसतो, ते डायटम. पाण्यातलं सिलिकेट संपलं की दोन ते चार आठवड्यांत जातात. काच पुसा आणि थांबा.

लालसर-जांभळा थर बोटाने उचलला आणि सलग पापुद्रा निघाला, तर ते सायनोबॅक्टेरिया. प्रवाह मंद असतो तिथे ते जमतात. सायफनने ओढून काढा आणि वेव्हमेकरचं (पाणी ढवळणाऱ्या पंपाचं) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. तीन दिवस लाइट बंद ठेवले तरी थर जातो, पण कारण तसंच राहिलं तर परत येतो. अँटिबायोटिक हा अगदी शेवटचा उपाय. थर एकदम मेला की पाण्यातला ऑक्सिजन घसरतो, म्हणून त्या काळात एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू हवा.

खरी फसगत होते ती डायनोफ्लॅजेलेट्सच्या बाबतीत. तारा सुटलेला तपकिरी चिकटा, त्यात अडकलेले बुडबुडे. संध्याकाळी भरगच्च, सकाळी लाइट लागण्याआधी बराच कमी. गोगलगाई मरू लागल्या असतील तर शंका पक्की धरा. खात्री करायला थोडा चिकटा टँकच्या पाण्यासह छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा गाठी-तारा जमल्या तर ते डायनो.

हे बहुतेक वेळा अति स्वच्छतेतून येतात. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की स्पर्धक जीव उपाशी पडतात आणि डायनोंना मैदान मोकळं मिळतं. अशा वेळी पाणी बदलत राहणं किंवा फॉस्फेट शोषणारे दाणे घालणं म्हणजे आगीत तेल. उलट नायट्रेट ५ ते १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या आसपास आणा. १०० लिटर पाण्यात नायट्रेट १ पीपीएमने वाढवायला साधारण ०.१४ ग्रॅम सोडियम नायट्रेट लागतं. हिशेब खऱ्या पाण्यावर करा : ९० × ४५ × ४५ सेंमीचा टँक कागदावर १८२ लिटरचा, पण खडक, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता १५० च्या आसपासच पाणी असतं. ऑस्ट्रिऑप्सिस हा प्रकार रात्री पाण्यात तरंगतो, म्हणून यूव्ही (पाणी अतिनील दिव्याजवळून नेणारं उपकरण) त्याला लागू पडतो. अँफिडिनियम वाळूतच बसून राहतो. त्याच्यासाठी यूव्हीवर पैसे घालवू नका.

हिरवं केसाळ शेवाळ

"टेस्टमध्ये फॉस्फेट शून्य, मग शेवाळ कसं?" कारण शेवाळ ते मोजायच्या आधीच खाऊन टाकतं. शिवाय खडक फॉस्फेट धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. म्हणून शून्याच्या मागे न लागता नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम राखा. काही डिजिटल मीटर फॉस्फेट नव्हे तर फॉस्फरस दाखवतात, तोही पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग). तो आकडा ३.०६६ ने गुणून १००० ने भागा. मीटरवर ३० दिसलं तर फॉस्फेट ०.०९ आहे, ०.०३ नाही.

सुरुवात पाण्यापासून. आरओडीआय पाण्याचा (आरओ आणि मग डीआय रेझिनमधून गाळलेल्या पाण्याचा) टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य हवा. १-२ दिसू लागला की डीआय रेझिन बदला. गोठवलेलं खाणं वितळवून गाळा, त्याचं पाणी टँकमध्ये ओतू नका. फिल्टर सॉक (घाण अडवणारी कापडी पिशवी) दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर त्यात अडकलेली घाण तिथेच कुजते.

मग हाताने उपटा. हे कंटाळवाणं काम टाळून चालत नाही, कारण लांब वाढलेले केस गोगलगाई खात नाहीत. सुटा खडक टँकच्याच पाण्याच्या बादलीत घ्या, ताठ टूथब्रशने घासा आणि ती बादली ओतून द्या. मुळं राहिली तर त्या जागी ३% हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, टँकच्या पाण्यात खळबळून परत ठेवा. कोरलला आणि कोळंबीला ते लागू देऊ नका.

आता गोगलगाई. दीडशे-दोनशे लिटरला आठ-दहा ट्रोकस पुरतात. अॅस्ट्रिया स्वस्त पडते, पण उताणी झाली की बहुधा स्वतः सरळ होत नाही आणि मरते. नॅसॅरियस उरलंसुरलं खाणं संपवते, शेवाळ नाही.

जीएफओ (फॉस्फेट शोषणारे दाणे) वापरायचाच असेल तर धुऊन, सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी फॉस्फेट मोजा. तो झपाट्याने खाली आला तर कोरलची टोकं पांढरी पडतात.

केस पिसासारखे दुतर्फा फुटलेले दिसले तर ते ब्रायोप्सिस. त्याला गोगलगाई सहसा तोंड लावत नाहीत. त्यावर फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध लिटरला ५ मि.ग्रॅ. या हिशेबाने एकदा देतात. कार्बन आणि यूव्ही काढून ठेवायचे, संपमधलं (टँकखालच्या फिल्टर-टाकीतलं) कीटो हे मुद्दाम वाढवलेलं शेवाळही आधी बाहेर काढायचं. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात.

हिरवे मणी म्हणजे व्हॅलोनिया. मुळासकट सोडवा, फुटला तर तिथेच सायफन लावा.

आमच्याकडे विचारताना

निळे लाइट बंद करून पांढऱ्या उजेडात काढलेला जवळचा फोटो, नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे, आरओडीआयचा टीडीएस, लाइट किती तास चालतो (८ ते १० पुरे) आणि गेल्या महिनाभरात टँकमध्ये काय-काय टाकलं, एवढं पाठवा. एकट्या निळ्या उजेडातल्या फोटोवरून डायनो आणि सायनो वेगळे सांगता येत नाहीत.