हृदयविकाराचे पूर्वसूचक : रक्तातील घटक आणि शरीराचे वजन

हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार लक्षणे दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झालेला असतो. या मुक्या काळात, पुढे झटका येण्याची शक्यता किती याचा अंदाज ज्या मोजमापांवरून बांधतात त्यांना पूर्वसूचक म्हणतात. रक्तातील मेद, साखर, दाह (शरीराची सूज-प्रतिक्रिया) दाखवणारी प्रथिने आणि शरीराचे वजन किंवा कमरेचा घेर ही त्यांतली प्रमुख. वय, रक्तदाब आणि धूम्रपान यांच्या जोडीनेच ती वाचायची असतात. एकटा आकडा फारसे काही सांगत नाही.

अंदाजाची ही रीत प्रामुख्याने अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासातून रुळली. तेथील ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी होत राहिली आणि कोणाला हृदयविकार झाला, कोणाला नाही, याची त्यांच्या आधीच्या नोंदींशी सांगड घातली गेली.

जे आजार सुचवते ते आजार घडवतेच असे नाही. या विषयातला बहुतेक गोंधळ इथूनच होतो. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणवले जाणारे कोलेस्टेरॉल, दोन्ही करते. ते जन्मापासूनच फार जास्त असलेल्या कुटुंबांत तरुणपणी झटके येतात. पीसीएसके९ जनुकातील बदलामुळे ज्यांचे एलडीएल आयुष्यभर कमी राहते त्यांच्यात हा आजार कमी आढळतो. आणि स्टॅटिन औषधांनी ते उतरवले की झटकेही घटतात. एचडीएल या दुसऱ्या प्रकारच्या कोलेस्टेरॉलची गोष्ट वेगळी. ते कमी असणे हे धोक्याचे चांगले सूचक आहे, म्हणून ते वाढवणारे टॉर्सेट्रापिब हे औषध आले. एचडीएल भरपूर वाढलेही. पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाल्याने २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. ‘चांगले कोलेस्टेरॉल’ हे नाव तरीही टिकून आहे.

सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हा दाहाचा सूचक. अतिसंवेदनशील चाचणीत दर लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे धोका कमी, ३ च्या वर म्हणजे जास्त असे ढोबळमानाने धरतात. मात्र साध्या सर्दीतापानेही तो चढतो. अनुवंशिक अभ्यासांनुसार हे प्रथिन स्वतः दोषी दिसत नाही, पण दाह मात्र आहे : २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनाकिनुमॅब या दाहरोधक औषधाच्या चाचणीत मेदाला हात न लावता केवळ दाह कमी करून झटके घटले.

अहवालातले एलडीएल पुष्कळदा मोजलेले नसून १९७२ च्या फ्रीडेवाल्ड सूत्राने काढलेले असते. ट्रायग्लिसराइड हा रक्तातला मेद दर डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे गेला की ते सूत्र लागू पडत नाही. एपोबी हे मेदकणांवरचे प्रथिन या बाबतीत सरस ठरते, कारण रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या प्रत्येक मेदकणावर त्याचा एकच रेणू असतो. म्हणजे थेट कणांचीच मोजदाद होते. लिपोप्रोटीन(ए) हा एलडीएलसारखा मेदकण; त्याचे प्रमाण बहुतांशी अनुवंशाने ठरते आणि आयुष्यात फारसे बदलत नाही, त्यामुळे ते सहसा एकदा तपासले तरी पुरते.

वजनासाठी बीएमआय वापरतात : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. सोपे आहे, पण ते चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही, चरबी कुठे साठली हेही सांगत नाही. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी अधिक घातक. ५२ देशांतील इंटरहार्ट अभ्यासात कंबर-नितंब गुणोत्तराचा झटक्याशी संबंध बीएमआयपेक्षा अधिक घट्ट आढळला. आशियाई लोकांत कमी बीएमआयलाही धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे दक्षतेचे टप्पे सुचवले.

२०११ मध्ये सुमारे २,२०,००० लोकांच्या माहितीच्या विश्लेषणातून दिसले की रक्तदाब, मधुमेह आणि मेद माहीत असतील, तर बीएमआय किंवा घेर यांनी अंदाजात जवळपास काहीच भर पडत नाही. याचा अर्थ वजन निरुपद्रवी असा काढणे चूक. वजनाचा बराचसा परिणाम याच तिघांच्या वाटेने हृदयापर्यंत पोचतो, म्हणून ते मोजल्यावर वजनाकडे सांगण्यासारखे थोडे उरते. पण सगळे याच वाटेने जात नाही : वाढलेले वजन हृदय निकामी होण्याचा धोका बऱ्याच अंशी स्वतंत्रपणेही वाढवते. २०२३ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाच्या चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या वजनदार रुग्णांत झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले, आणि हा फरक वजन पुरते उतरण्याच्या आधीच दिसू लागला होता.