टीएजी-२४ मधला ‘टी’

उन्हाळी भुईमुगाचं बियाणं घ्यायला गेलं की ‘टीएजी चोवीस’ हे नाव हमखास कानावर पडतं. यातला ‘टी’ ट्रॉम्बेचा, ‘ए’ अकोल्याचा. मुंबईतलं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि विदर्भातलं कृषी विद्यापीठ एका पिशवीवर कसे आले, हे बियाणं पेरणाऱ्याला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१९२७ साली अमेरिकेत हर्मन मुलर यांनी फळमाश्यांवर क्ष-किरण सोडले आणि आनुवंशिक गुण बदलता येतात हे दाखवलं. पुढच्याच वर्षी लुईस स्टॅडलर यांनी सातू आणि मक्यात तेच सिद्ध केलं. पण यातून शेतीला उपयोगी वाण निघतील याची स्टॅडलर यांना फारशी आशा नव्हती.

त्यांची शंका रास्तच होती. किरणं पेशीतला डीएनए तोडतात आणि पेशी तो सांधताना चुकते. मात्रा जास्त झाली तर बी उगवतच नाही. उगवलं तरी रोप खुरटतं, पानं आकसतात, मधूनच फिकट पट्टे दिसतात, परागकण वांझ निघतात. म्हणजे किरणं दिलेल्या पहिल्या पिढीत उत्पादन वाढत नाही, बहुधा घटतंच. दबलेले बदल दुसऱ्या पिढीत वर येतात. तेव्हा हजारो झाडांतून एखादं कामाचं झाड हेरायचं, त्याचं बी वेगळं राखायचं आणि तो गुण टिकतो का, हे पुढच्या कित्येक पिढ्या पाहायचं. पीक वाढलं ते या चिकाटीमुळे. किरणांनी फक्त निवडीला वाव दिला.

आपल्याकडे गव्हाचं उदाहरण बोलकं आहे. मेक्सिकोहून आलेल्या सोनोरा-६४ चा दाणा लालसर होता आणि इथल्या लोकांना पोळीसाठी पिवळसर गहू हवा होता. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एम. एस. स्वामिनाथन आणि सहकाऱ्यांनी गॅमा किरणं वापरून त्यातूनच ‘शरबती सोनोरा’ काढला.

ट्रॉम्बेत भुईमुगाच्या बियांना क्ष-किरण दिले, त्यातून मोठ्या शेंगांचं झाड मिळालं आणि १९७३ मध्ये टीजी-१ हा वाण आला. अकोल्याच्या साथीने १९८५ मध्ये टीएयू-१ हा उडीद आला, १९९१ मध्ये टीएजी-२४. या शेवटच्या वाणावर थेट किरणं सोडलेली नाहीत. किरणांतून घडलेल्या वाणांच्या वंशातल्या दोन ओळींचा तो संकर आहे. झाड बुटकं, पीक लवकर हाती येणारं.

‘अणूचं बियाणं’ म्हटलं की काहींच्या मनात धास्ती बसते. गॅमा किरणं बियांतून आरपार जातात, दाण्यात किरणोत्सर्ग मागे राहत नाही. शिवाय आज पेरलं जाणारं बी त्या बियांच्या कितीतरी पिढ्यांनंतरचं आहे.

पुढे याच टीएजी-२४ चा संकरासाठी वापर झाला आणि नावात लातूरचा ‘एल’ही आला: टीएलजी-४५.