माटेची बाग: एकाच प्लॉटच्या शार्डनेमागची गोष्ट

सिंगल व्हिनयार्ड शार्डने, म्हणजे एकाच बागेतल्या शार्डने द्राक्षांची पांढरी वाइन म्हटलं की नाशिकमध्ये लगेच फ्रान्स, तिथला बर्गंडी भाग वगैरे सुरू होतं आणि दोन मिनिटांत 'आपल्याकडं तसं हवामानच नाही' म्हणून विषय बंद. त्यामुळे मुद्दाम न्यूझीलंडचं उदाहरण घेतोय. कुमेऊ रिव्हर नावाची वायनरी आणि तिची 'माटेज व्हिनयार्ड' शार्डने. जागा बघितली तर आपला बागायतदार तिथं बाग लावायला धजणार नाही. ऑकलंड शहरापासून साधारण 25 किलोमीटर, हवा दमट, पावसाचा भरवसा नाही, खाली चिकणमाती, म्हणजे डावणी, भुरी, घडकूज हे सगळे रोग आलेच.

पण तिथं द्राक्ष लावली ती मुळात वाइनसाठी जागा शोधत आलेल्यांनी नाहीच. क्रोएशियाच्या डाल्मेशिया किनाऱ्यावरची माणसं कौरी झाडाचा जमिनीत गाडला गेलेला डिंक खणायला न्यूझीलंडला जायची, नंतर त्यातली बरीच फळबागा आणि द्राक्षांकडं वळली. अशाच डाल्मेशियन ब्राय्कोविच कुटुंबानं 1944 साली कुमेऊत जमीन घेतली, त्यात थोडी द्राक्षंही होती. मुलाचं नाव माटे. वडील गेल्यावर सगळं त्याच्यावर आलं. त्या काळात तिथं लोक पोर्ट आणि शेरीसारखी गोड, कडक वाइन प्यायचे, शार्डने कुणी मागत नव्हतं, वायनरीचं नावही तेव्हा सॅन मरिनो होतं.

बदल आला तो पुढच्या पिढीत. माटेंचा मोठा मुलगा मायकल ऑस्ट्रेलियात वाइनमेकिंग शिकून आला, 1983 चा हंगाम फ्रान्समध्ये बोर्दो भागात काढला, आणि 1985 ला पहिली कुमेऊ रिव्हर शार्डने निघाली: अख्खे घड प्रेस करायचे, विकतचं यीस्ट न घालता बागेतून-वायनरीतून आलेल्या यीस्टवरच आंबवायचं, मग ओकच्या पिंपात ठेवायचं. पुढच्या वर्षी वायनरीचं नावही बदललं. 1989 ला मायकल न्यूझीलंडचा पहिला मास्टर ऑफ वाइन झाला, ही वाइनच्या क्षेत्रातली मोठ्या मानाची पदवी.

आता मूळ प्लॉटची गोष्ट. 1944 मध्ये घेतलेल्या जमिनीतली जुनी बाग होती त्याच जागेवर 1990 ला शार्डने लावली, मेंडोझा क्लोन, म्हणजे शार्डनेचाच एक निवडलेला प्रकार. हा क्लोन मणी धरायला बेभरवशाचा, एकाच घडात मोठे मणी आणि न वाढलेले बारीक मणी (शॉट बेरी) शेजारी शेजारी, खायची द्राक्षं पिकवणारा बघूनच हात जोडेल, पण बारीक मण्यांमुळे रसाला दाटपणा येतो. 1992 मध्ये माटे वारले आणि 1993 च्या पहिल्या पिकाच्या बाटलीवर त्यांचं नाव आलं. वेली इंग्रजी यू आकाराच्या लायर मांडवावर, आपल्या वाय आकाराच्या मांडवाची लांबची भावकीच म्हणा, त्यामुळे घडांना हवा आणि ऊन लागतं आणि कूज कमी. पाणी देतच नाहीत, चिकणमातीच ओल धरून ठेवते! आपल्याकडं ड्रिप बंद करून बघा.

2015 ला लंडनच्या 'फार व्हिंटनर्स' या वाइन व्यापाऱ्यानं कुमेऊ रिव्हरची शार्डने बर्गंडीच्या नामवंत वाइनसमोर लेबल झाकून ठेवली आणि बऱ्याच फेऱ्यांत कुमेऊ वर आली. हा व्यापारी कुमेऊची वाइन विकतोही, तेव्हा थोडं सावधपणे घ्या, पण चाखणारे लोक कच्चे नव्हते.

नाशिकची वाट वेगळी. इथं ओझरला 1925 पासून खायची द्राक्षं, वाइनचा जोर बराच नंतर, 1997 मध्ये सुला वायनरीनं सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या वाइनच्या जाती लावल्या, 2001 ला राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं. शेनिन टिकली कारण ती उष्णतेतही आंबटपणा बऱ्यापैकी धरते आणि माल भरपूर देते. शार्डने लवकर पिकते, आणि फेब्रुवारीत ऊन चढलं की ॲसिड भराभर उतरतं, म्हणून ती लवकर काढून स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनला घालणं सोपं, दिंडोरीच्या शांदों वायनरीच्या 'ब्रूट' या स्पार्कलिंगमध्ये ती शेनिन आणि पिनो न्वारसोबत असते. गंमत म्हणजे तोडणीचे महिने जवळपास सारखेच, पण कुमेऊत तेव्हा उन्हाळा सरत असतो आणि इथं सुरू होत असतो. तेवढी हवामानाची तक्रार मान्य.

दुसरी सबब असते ती करार शेतीची, की माल वेगवेगळ्या शेतकऱ्यांचा, मग एका प्लॉटची वाइन कशी काढणार. पण कुमेऊचीच 'कॉडिंग्टन' शार्डने बघा, ती वायनरीच्या मालकीच्या बागेतली नाहीच, कॉडिंग्टन नावाच्या शेतकरी कुटुंबाच्या बागेतली आहे आणि 2006 पासून त्यांच्याच नावानं विकली जाते. त्यासाठी त्या एका शेतकऱ्याचा माल काट्यावर आल्यापासून बाटलीत जाईपर्यंत वेगळा ठेवावा लागतो, वेगळा प्रेस, वेगळी पिंपं, आणि तेही वर्षानुवर्षं त्याच बागेचं. आपल्याकडं हंगामात क्रेट भरलेल्या गाड्यांची रांग लागते तेव्हा दोन टनांसाठी टँक अडवून ठेवायला कुणाची तयारी असते?